पांच माशांचा वंश : चिलापीच्या प्रसारामागील आनुवंशिक कारणें

ज्या शेततळ्यांत आपण चिलापी कधीं सोडलीच नाहीं त्यांत ती आली कोठून, हा प्रश्न आमच्या सभासद बंधूंकडून वारंवार विचारण्यांत येतो. कटला, रोहू व मृगळ यांचें बोटुकलीएवढें बीज पैसे मोजून आणावें, वर्षभर त्यास कोंडा व पेंड घालावी, आणि जाळें ओढतांच तळहाताहूनही लहान अशा चिलापीचा ढीग निघावा, हा अनुभव आतां नवा राहिलेला नाहीं. २०१६ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून तळीं वाढलीं, व तळ्यांबरोबर ही तक्रारही वाढली.

ती आली कोठून, याचें उत्तर कठीण नाहीं. नाल्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यांतून, पंपानें उपसलेल्या पाण्यांतून, आणि पुष्कळ वेळां विकत आणलेल्या बीजाच्या पिशवींतूनच ती येते. विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. परदेशांतून हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्या जोड्यांच्या रूपानें आलेला हा मासा सर्व देशभर फैलावला तो कसा? एकाच वळूवर गांवच्या गाई पिढ्यान्‌पिढ्या फळविल्या तर वासरें खुरटतात, दूध घटतें, रोगास बळी पडणें वाढतें, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. गुरांस जें बाधतें तें या माशास कां बाधलें नाहीं? या प्रश्नाचा उलगडा होतां होतां आपल्या स्वतःच्या मत्स्यबीजासंबंधीं एक अप्रिय गोष्ट उघडकीस येते. तिच्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

प्रथम या माशाचा इतिहास. आपण जीस चिलापी म्हणतों तिचें मूळ नांव तिलापिया. या नांवाखालीं आफ्रिकेंतील अनेक जाती मोडतात. हिंदुस्थानांत प्रथम आली ती मोझांबिक तिलापिया. झांबेझी नदीचा खालचा भाग व आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नद्या हें तिचें माहेर. तेथून ती जावा बेटांत कशी पोंचली याची नोंद नाहीं; बहुधा शोभेच्या माशांच्या व्यापारांतून गेली असावी. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत पूर्व जावांतील ब्लितार जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखाजवळील खाजणांत, मुजाइर नांवाच्या एका गृहस्थास हे अनोळखी मासे सांपडले. त्यांनीं ते घरीं आणून तळ्यांत वाढविले. त्यांपैकीं जगले ते पांच: तीन नर व दोन माद्या, असें सांगतात. त्या गृहस्थाचेंच नांव माशास पडलें, व इंडोनेशियांत आजही त्यास ‘मुजाइर’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जावाच्या किनाऱ्यावरील खाऱ्या तळ्यांस नेहमीच्या माशांचें बीज मिळेनासें झालें. तेव्हां या नव्या माशानें ती उणीव भरून काढली, व जपानी सैन्याबरोबर तो बेटाबेटांतून पसरला. पुढें मलाया, तेथून सयाम, तेथून १९५० सालीं फिलिपाईन्स, अशी त्याची वाटचाल झाली. १९५२ सालीं बँकॉकहून कांहीं मासे मद्रास इलाख्यांतील मंडपम्‌ येथील सागरी मत्स्य संशोधन केंद्रांत आणण्यांत आले, व त्याच सुमारास सिलोनहूनही (आजचें श्रीलंका) आले. गरिबांस स्वस्त प्रथिनें मिळावींत हा हेतु चांगलाच होता. पण सात वर्षांतच, म्हणजे १९५९ सालीं, त्याचा अधिक प्रसार करूं नये असें ठरवावें लागलें. तोंवर तो तळ्यांतून नद्यांत व नद्यांतून धरणांत उतरला होता. तामिळनाडूंतील अमरावती जलाशय, राजस्थानांतील जयसमंद सरोवर अशा ठिकाणीं देशी मोठ्या माशांचें उत्पन्न घटून तिलापियाचें वाढलें. आपल्या भीमेवरील उजनी जलाशयाच्या कांठीं भिगवणच्या बाजारांत चिलापी ही आज रोजची मासळी आहे, व पुष्कळ मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. एवढ्यासाठीं तिला सरसकट दूषणें देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शेततळ्याच्या मालकाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

आतां मुख्य कोड्याकडे वळूं. प्रत्येक प्राण्यांत प्रत्येक गुणघटकाच्या, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यास जनुक म्हणतात त्याच्या, दोन प्रती असतात; एक आईकडून आलेली व एक बापाकडून. पांच माशांत म्हणून प्रत्येक जनुकाच्या दहाच प्रती असणार. मूळ आफ्रिकन नदींत लक्षावधि मासे. त्यांतून या दहा प्रती जणूं डोळे मिटून उचलल्या गेल्या. जनुकाचा जो प्रकार नदींतील निम्म्या प्रतींत आढळतो तो या दहांत एकदांही न येण्याचा संभव हजारांत एक. उलट, जो शंभरांपैकीं पांचच प्रतींत आढळतो तो मुळींच न येण्याचा संभव शंभरांत साठ. तात्पर्य, वंश पांचांवर आला म्हणजे दुर्मिळ प्रकार बहुतेक गळतात, पण सर्वसामान्य प्रकार बहुतेक सर्व राहतात. दोन प्रती एकमेकींहून भिन्न असण्याचें जें प्रमाण, ज्यास आनुवंशिक विविधतेचें माप समजतात, तें तर पांच माशांच्या पोटीं जन्मलेल्या पहिल्या पिढींत मूळच्या नऊ दशांश उरतें. पैदास करणाऱ्या प्राण्यांच्या संख्येची दुप्पट करावी, व त्या संख्येनें एकास भागावें. येईल तितका अंश प्रत्येक पिढीस नाहींसा होतो, असा साधा नियम आहे. पांचांची दुप्पट दहा, म्हणून दशांश. (नर व माद्या समसमान नसतील तर नुकसान किंचित्‌ वाढतें; तीन नर व दोन माद्या यांत तें नगण्य आहे.)

या नियमांतील ‘प्रत्येक पिढीस’ हे शब्द वाचकांनीं नीट लक्षांत ठेवावे. पांच माशांनीं वंश सुरू झाला यानें एवढें बिघडत नाहीं. वंश पांचांवरच राहिला तर बिघडतें. पांचच जनक प्रत्येक पिढीस ठेवून दहा पिढ्या काढल्या तर मूळच्या विविधतेचा तिसऱ्या हिश्शाहून किंचित्‌ अधिक भाग उरेल. पण पांचांचे पुढच्या पिढींत पांचशें झाले व पांचशांचे पन्नास हजार, तर पहिला दशांश गेला तो गेला. पुढची गळती जवळजवळ थांबते. गांवच्या वळूचें दुखणें तो एक आहे हें नसून वर्षानुवर्षें तोच किंवा त्याचाच गोऱ्हा आहे हें होय.

चिलापी नेमकी याच ठिकाणीं इतर माशांस मागें टाकते. आपला रोहू वयांत येण्यास साधारण दोन वर्षें घेतो, व पावसाळ्यांत, तोही वाहत्या पुराच्या पाण्यांत, एकदांच अंडीं घालतो. चिलापी उबदार पाण्यांत दोन-तीन महिन्यांत वयांत येते व वर्षांतून अनेक वेळां वितें. मादी एका वेळीं कांहीं शेंच अंडीं घालते, पण तीं तोंडांत घेऊन उबविते, व पिलें पोहूं लागल्यावरही संकट दिसतांच त्यांस पुन्हां तोंडांत घेते. त्यामुळें तिचीं पिलें इतर माशांच्या मानानें फारच थोडीं मरतात. पोटभर पिलें तोंडांत घेतलेली एकच मादी बादलींतून दुसऱ्या तळ्यांत गेली तरी तेथें नवा वंश सुरू होतो. आणि नाईल तिलापियांत तर एकाच मादीच्या तोंडांतील पिलें कधीं कधीं एकाहून अधिक नरांचीं असल्याचें आढळलें आहे, म्हणजे बादलींत आई एक असली तरी बाप अनेक असूं शकतात. लवकर विणें व पिलें जगविणें या दोन गुणांनीं तिचें संख्याबळ तर वाढतेंच, पण वंशाचा सांठाही वांचतो. हें दुसरें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मात्र येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर हिशेब अपुरा राहील. जावांतून मलाया, मलायांतून सयाम, सयामांतून मंडपम्‌ अशा प्रत्येक टप्प्यावर पुन्हां थोडेच मासे पुढें गेले, व प्रत्येक टप्प्यास नवी गळती झाली. आशियांतील व प्रशांत महासागराच्या बेटांवरील मोझांबिक तिलापियांची आफ्रिकेंतील माशांशीं तुलना करतां त्यांच्यांत विविधता स्पष्ट कमी असल्याचें शास्त्रज्ञांस दिसून आलें आहे. तरीही ते जोमानें पसरले. याचा अर्थ, विविधतेचा सांठा राखणें हें एक कारण झालें. त्याखेरीज दुसरेंही कांहीं असलें पाहिजे.

तें दुसरें कारण म्हणजे एकाच वंशसांठ्यांतून निरनिराळ्या परिस्थितींत निरनिराळें वागण्याची ताकद. विस्तीर्ण सरोवरांत हाच मासा उशिरां वयांत येऊन चांगला वाढतो; लहान, गर्दीच्या तळ्यांत बोटभर असतांनाच विऊं लागतो. पुष्कळांस वाटतें कीं तळ्यांतील चिलापी खुरटली ती सगोत्र पैदाशीमुळें. आमच्या मतें मुख्य कारण तें नव्हे. कोंडलेल्या जागीं वाढीवरचा खर्च थांबवून तो पिलांवर करणें हा तिचा वंशपरंपरेचा धर्मच आहे, व खुल्या पाण्यांत तो पालटतो. ज्या ओढ्याचा उन्हाळ्यांत डोह होतो व पावसाळ्यांत पूर येतो त्यांत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या माशास हा गुण न येतां तर नवल. गोड्या पाण्याचा म्हणवणारा हा मासा समुद्राच्या पाण्यांत जगतो व वितोही. पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तरी दम धरतो. शेवाळ, चिखलांतील कुजका पाला, दुसऱ्यांचीं अंडीं, कांहींही खातो. असे गुण या जातीच्या सर्वच माशांच्या अंगीं सर्वसामान्य असल्यामुळें ते पांचांतूनही सुटले नाहींत. आफ्रिकेच्या सरोवरांतील तिलापियांच्या गणगोतांत शेंकडों जाती थोडक्या काळांत निर्माण झाल्या आहेत. नाईल तिलापिया व तिच्या चार भाऊबंद जातींचे समग्र जनुकसंच २०१४ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां या कुळांत जनुकांच्या जादा प्रती निर्माण होण्याचें प्रमाण बरेंच असल्याचें आढळलें. एक प्रत जुनें काम करीत राहते, दुसरीस नवें काम शिकण्यास मोकळीक मिळते.

तिसरें कारण संकराचें, व शेतकऱ्यास सर्वांत जवळचें तेंच आहे. त्याची कथा मलाक्का येथें सुरू होते. तेथील मत्स्य संशोधन संस्थेंत हिकलिंग या शास्त्रज्ञानें १९६० च्या सुमारास मोझांबिक तिलापियाच्या माद्या व झांझिबारकडून आणलेल्या दुसऱ्या एका जातीचे नर यांचा संकर केला. पिलें निघालीं तीं सर्व नर! उलट जोडी लावली तेव्हां तीन नरांस एक मादी असें प्रमाण पडलें. कारण मौजेचें आहे. गाईचें वासरूं गोऱ्हा कीं कालवड हें बैलाच्या बीजावर ठरतें. कोंबडीचें पिलूं नर कीं मादी हें मात्र कोंबडीच्या अंड्यावर. तिलापियाच्या कुळांत दोन्ही पद्धती आहेत. मोझांबिक जातींत गुरांप्रमाणें नर ठरवितो, झांझिबारच्या जातींत कोंबड्यांप्रमाणें मादी. ठरविण्याचा अधिकार नसलेली मादी व ठरविण्याचा अधिकार नसलेला नर यांची गांठ पडली, कीं सारे नरच निपजतात. नर मादीपेक्षां जलद वाढतो व सगळे नर असल्यास तळ्यांत पिलांची गर्दी होत नाहीं, म्हणून व्यापारी लोकांस हा संकर फार पसंत पडला.

पण हे संकरित नर वांझ नव्हते. तळें फुटून किंवा सांडव्यावरून ते बाहेर गेले, कीं मिळेल त्या जातीच्या मादीशीं त्यांचा संबंध येतो. शिवाय मूळ दोन्ही वंश शुद्ध ठेवण्यांत कसूर झाली कीं ‘सर्व नर’ म्हणून विकलेल्या बीजांत माद्या दिसूं लागतात. संप्रेरक खाऊं घालून नर बनविण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे तींतही शंभरांत कांहीं माद्या राहून जातात. व वर सांगितल्याप्रमाणें एक मादी पुरे असते. कॅलिफोर्नियांतील साल्टन समुद्र या खाऱ्या सरोवरांतील तिलापिया याच दोन जातींच्या मिश्रणांतून झाल्याचें मानतात. ऑस्ट्रेलियांत टाउन्सव्हिलजवळ शुद्ध मोझांबिक वंश तर केर्न्सजवळ मिश्र वंश आढळला. जेथें एका जातीचा सांठा अपुरा पडला तेथें दुसऱ्या जातीनें तो भरून दिला, असा हा प्रकार आहे. गळती झालेल्या वंशास संकरापासून नवा पुरवठा मिळतो.

याच न्यायानें मोझांबिक तिलापिया स्वतःच्या माहेरीं मात्र मार खात आहे. लिंपोपो नदीच्या खोऱ्यांत मत्स्यशेतीसाठीं आणलेली नाईल तिलापिया नदींत शिरली, स्थानिक मोझांबिक जातीशीं तिचा संकर झाला, व शुद्ध वंश मागें हटूं लागला. जो मासा आशियांत आक्रमक ठरला तोच मूळ स्थानीं संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादींत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे.

इतर माशांची उदाहरणें थोडक्यांत देतों. चंदेरी कार्प व मोठ्या डोक्याचा कार्प हे दोन चिनी मासे १९७० नंतरच्या दशकारंभीं अमेरिकेंतील आर्कान्सॉ राज्यांत आणले. ते मिसिसिपी नदींत गेले, व मायदेशीं क्वचितच होणारा त्यांचा संकर तेथें पिढ्यान्‌पिढ्या सर्रास चालला आहे. ऑस्ट्रेलियांत साधा कार्प मासा प्रथम आला तेव्हां दीर्घकाळ आहे तेथेंच राहिला. व्हिक्टोरियांतील बूलारा येथील वाणाचे मासे १९६० नंतरच्या दशकांत मरे नदींत पोंचले, आणि १९७४-७५ च्या महापुरांनंतर सारें खोरें त्यांनीं व्यापलें. जात तीच, वाण वेगळा. जाती ओळखून भागत नाहीं, वाणही ओळखावा लागतो, हें ज्वारी-कपाशीच्या शेतकऱ्यास आम्हीं सांगावयास नको. रोहू व कटला यांच्या पेशींत गुणसूत्रें ५०, तर साध्या कार्पच्या पेशींत १००. त्याच्या पूर्वजांत साराच संच एकदां दुप्पट झाला होता. त्याचाच एक भाऊबंद, युरोपांत फोफावलेला गिबेल कार्प, तिप्पट संचाचा असतो, आणि त्याची तऱ्हा तर सर्वांत विलक्षण आहे. त्याच्या बहुतेक माद्याच असतात. त्या दुसऱ्या जातीच्या नराचें बीज केवळ अंडें चाळविण्यापुरतें वापरतात व बापाचा वांटा टाकून देतात. सर्व मुली हुबेहूब आईसारख्या. अशा माशास पांचही लागत नाहींत.

आतां आपल्या घरचा हिशेब पाहूं. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांतील अंगुल येथें पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून देशी कार्प माशांस तळ्यांतच अंडीं घालावयास लाविलें. त्यापूर्वीं बीज नदींतून गोळा करीत. त्यामुळें प्रत्येक वर्षीं हजारों नैसर्गिक जनकांचा वंश आपोआप तळ्यांत येई. त्यानंतर बीज केंद्रांतून मिळूं लागलें. रोहूच्या मादीच्या एक किलो वजनामागें दोन ते तीन लाख अंडीं असतात. दोन किलोच्या पांच माद्या म्हणजे वीस ते तीस लाख अंडीं! केंद्रचालकाची सारी मागणी एवढ्यांत भागते. मग पन्नास जनक पाळण्याचा खर्च तो कशास करील? शिवाय मोठा मासा बाजारांत चांगल्या भावानें जातो, व मागें राहिलेला लहान मासा पुढील वर्षीं जनक होतो. एकनाथ व डॉयल या शास्त्रज्ञांनीं कर्नाटकांतील मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास करून, पैदाशीस खरोखर उपयोगीं पडणाऱ्या जनकांची संख्या अल्प व सगोत्र पैदाशीचें प्रमाण चिंताजनक असल्याचें १९९० सालीं दाखवून दिलें. वरचाच नियम येथें लावून पाहावा: प्रत्येक पिढीस पांच जनक, दहा पिढ्यांनीं उरला एकतृतीयांश, वीस जनक ठेवले तर तीन चतुर्थांशांहून थोडें अधिक, पन्नास ठेवले तर नऊ दशांश.

म्हणजे पहा, लाखों अंडीं घालणारा आमचा रोहू केंद्राच्या हौदांत पांचांवर आणून ठेविला जातो, आणि कांहीं शें अंडीं घालणारी चिलापी पांचांवरून सुरू होऊन लाखों मातांवर जाते. एकाचा वंश माणसाच्या व्यवस्थेंत आटतो, दुसरीचा माणसाच्या निष्काळजीपणांत राखला जातो. तळ्यांत या दोघांची गांठ पडते तेव्हां रोहू मागें कां पडतो, याचें सर्व नव्हे तरी कांहीं कारण बीज आणलें त्या हौदांतच असतें, असें आमचें मत आहे. कांहीं केंद्रांत तर कटला, रोहू व मृगळ एकाच हौदांत एकाच वेळीं सोडतात. अंडीं व बीज पाण्यांत मिसळतें, व निघालेल्या पिलांत संकरित किती हें कोणासच कळत नाहीं. कटला-रोहूचा संकर वांझ नसतो. तो पुढील वर्षीं जनक म्हणून वापरला गेला कीं दोन्ही वाण कायमचे कालवले जातात.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशांत आहे. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंग येथील केंद्रीय संस्थेनें नॉर्वेच्या साहाय्यानें १९९२ पासून गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या पांच नद्यांतील रोहू व केंद्रांतील रोहू एकत्र करून निवड चालविली. त्यांतून ‘जयंती’ हा वाण निघाला, व प्रत्येक पिढीस वाढींत सुमारें १७ टक्के सुधारणा झाली. तिलापियांतही १९८८ सालीं फिलिपाईन्समध्यें ईजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील नैसर्गिक मासे आणि आशियांतील चार पाळीव वंश मिळवून ‘गिफ्ट’ हा जलद वाढणारा वाण करण्यांत आला. पुष्कळ ठिकाणचा सांठा एकत्र करून डोळसपणें निवड करणें, यांतच दोहोंच्या यशाचें बीज आहे. गिफ्टचें बीज घेऊं इच्छिणाऱ्या बंधूंनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें त्यास परवानगी लागते, आणि जो वाण तळ्यांत चांगला वाढतो तो नदींत सुटला तर तेथेंही चांगलाच वाढेल.

आफ्रिकन मांगुराविषयीं तर परवानगीचा प्रश्नच नाहीं. १९९० नंतरच्या दशकारंभीं बांगलादेशाकडून चोरट्या मार्गानें आलेल्या या माशाच्या पालनावर आपल्या देशांत बंदी आहे, व २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्याचा नाश करण्याचे आदेश दिले. थायलंडांत त्याचा तेथील देशी मांगुराशीं संकर करून पिलें विकण्याचा धंदा वाढला, व आफ्रिकन वंशाचे अंश तेथील नैसर्गिक देशी माशांत शिरल्याचें आढळलें. आपला देशी मांगूर त्याच वाटेनें जाऊं नये, असें ज्यास वाटतें त्यानें बाजारांतील स्वस्त ‘मांगूर बीज’ पुन्हां एकदां निरखून घ्यावें.

व्यवहारांत काय करावें, हें आतां सांगतों. बीज घेण्यापूर्वीं केंद्रचालकास दोन प्रश्न विचारावे: यंदा किती नर व किती माद्या वापरल्या, आणि त्यांचे मूळ जनक कोठून व केव्हां आणले. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील त्याचें बीज स्वस्त असलें तरी घेऊं नये. आमच्या सभासदांनीं चार-पांच गांवें मिळून एकत्र मागणी नोंदविल्यास हे प्रश्न विचारण्यास बळ येईल. पिशवी तळ्यांत सोडण्यापूर्वीं बीज पांढऱ्या घमेल्यांत थोडें थोडें काढून पाहावें. चिलापीच्या पिलाच्या पाठीवरील पर एकसंध, लांब व पुढील भागीं कांटेरी असतो आणि परावर मागील बाजूस बहुधा काळा ठिपका दिसतो. रोहू-कटल्याचा पर आंखूड व बिनकांट्याचा असतो. पाणी घेण्याच्या नळास बारीक जाळी बांधावी, व सांडव्यासही बांधावी. कारण आपल्या तळ्यांतून बाहेर जाणारी चिलापी खालच्या शेजाऱ्याच्या तळ्यांत शिरते.

एकदां ती तळ्यांत शिरली असेल तर जाळें ओढून ती संपत नाहीं. उन्हाळ्यांत तळें पूर्ण कोरडें करावें; तळाशीं पावलाएवढें डबकें राहिलें तरी त्यांत पांच मासे राहतात. कोरडें करणें शक्य नसेल तर पाणी होईल तितकें कमी करून मोहाची पेंड वापरावी. उरलेल्या पाण्याच्या दर हजार घनमीटरास अडीचशें किलो हें प्रमाण आहे. पेंड रात्रभर भिजवून सर्व तळ्यांत सारखी शिंपावी, व वर आलेले मासे त्याच दिवशीं काढून घ्यावे. पेंडींतील विषाचा अंमल दोन ते तीन आठवड्यांनीं उतरतो, व पुढें तिचेंच खत होऊन पाण्यांत माशांचें खाद्य वाढतें. नवें बीज सोडण्यापूर्वीं थोडीं पिलें जाळीच्या पिंजऱ्यांत घालून एक दिवस तळ्यांत ठेवावीं. तीं जगलीं तर बाकीचें बीज सोडण्यास हरकत नाहीं.